ग्रामपंचायतीचं लाईटबिल आणि गावभर हुडकलेले मीटर

ग्रामपंचायतीत लाईटबिल कोण वाचत नाही. बिल येतं, शिपाई फाईलला लावतो, निधी आला की भरायचं, नाही आला की थकतं, एवढाच त्याचा प्रवास. ऑडिटलासुद्धा बिल आहे, भरल्याची पावती आहे, नमुना ५ च्या रोकडवहीत नोंद आहे, विषय संपला. ज्या मोटारीचं बिल भरलं ती मोटार जागेवर आहे का, हे मला तरी अजून कोणी विचारलेलं नाही.

मी ग्रामसेवक. २०२४ मध्ये सरकारने पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं आणि तेच बरंय. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारं. नाव सांगत नाही, कारण वाचणाऱ्यातले चार जण त्याच गावचे निघायचे.

तर झालं असं की मी बदलून आलो तेव्हा सदस्यांची एकच ओरड, भाऊसाहेब गटारीला पैसे द्या, पेव्हर ब्लॉकला पैसे द्या. आता पैसे कुठून आणायचे? तेव्हा १५ व्या वित्त आयोगातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचे, राहिलेले ४० टक्के अबंधित, आणि त्यातला मोठा घास दिवाबत्तीचं बिलच खाऊन टाकायचं. गावच्या स्वतःच्या वसुलीतनं १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग हे आधी बाजूला काढायचं, मग कर्मचाऱ्यांचा पगार, मग पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, पाईप फुटला की तो, आणि मग शिल्लक काय तर स्टेशनरी. आणि बिल थकवायचं म्हणलं तर २०२१ मध्ये राज्यभर थकबाकीपायी गावोगावच्या रस्त्यावरच्या लाईटी तोडल्या होत्या ते लोक अजून विसरलेले नाहीत.

सरपंचताई पहिल्यांदाच निवडून आलेल्या, महिला बचत गट चालवलेला असल्याने हिशोबाला पक्क्या. त्यांनी बिलांचा गठ्ठा टेबलावर पसरला आणि विचारलं, "भाऊसाहेब, गावात मोटारी किती आहेत?" मी म्हणलं तीन. "मग पाणीपुरवठ्याची बिलं पाच कशी?" मी गप्प, शिपाई माझ्याकडं बघतोय आणि ऑपरेटर पोरगा कॉम्प्युटरकडं.

१ मेची ग्रामसभा जवळ आली होती, त्याआधी सगळे मीटर प्रत्यक्ष जाऊन बघायचे ठरलं. मी, पाणी सोडणारे काका, वायरमन आणि फोटो काढायला ऑपरेटर. सकाळी सातलाच निघालो, कारण एप्रिलचं सोलापूर, अकरानंतर माणूस बाहेर दिसला तर लोक विचारतात घरी भांडण झालंय का.

वेशीजवळच्या डीपीपाशी पोचलो तर ऊन डोक्यावर यायलंय आणि पोलवरच्या सगळ्या लाईटी झगझगीत चालू. वायरमन म्हणला बटण जळलंय, डायरेक्ट जोडलंय. कधीपासनं? "लई दिवस झालं की ओ." मी तिथंच पारावर बसून हिशोब मांडला. २० वॉटचे शंभर दिवे धरले, दिवसाचे १२ तास उगाच पेटले की रोजचे २४ युनिट, महिन्याचे ७२०. आणि हे आपण एलईडी लावून बचत केली म्हणून फ्लेक्स लावला होता त्यातलं! शिपायाला विचारलं, बाबा सकाळी बंद करायचं काम तुझं ना? तो म्हणला, "रात्री लावायचं विसरलो तर आख्खं गाव शिव्या देतंय, सकाळी बंद करायचं विसरलो तर कोण काय बोलत नाय." ह्याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

पुढं टाकीकडं. टाकीच्या खाली एका गड्याचं कडवळ, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याची ज्वारी, हिरवंगार, आजूबाजूला सगळं रान करपलेलं आणि हे डुलतंय. काकांना विचारलं तर काका जरा हळूच बोलले की मोटारीला ऑटो स्विच आहे, रात्री लाईट आली की आपोआप चालू होते, टाकी भरली तरी चालूच, पाणी ओव्हरफ्लोच्या पाईपातनं खाली, मी साठीचा माणूस रात्री दोनला टाकीवर कुठं चढू. बरोबरच आहे त्यांचं. १० एचपीची मोटार म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट, रात्री दोन तास जास्तीची चालली तरी १५ युनिट. इकडं शहरात उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर लांबून आणतात आणि माणसं नळाची वाट बघत बसतात, आणि इथं आम्ही पाणी वर चढवून परत खाली सोडायलाव, वर लाईटबिल भरून. कडवळवाला गडी मात्र बांधावर उभा राहून म्हणतोय, "भाऊसाहेब, चहा घेऊन जावा की."

ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीवर तर कमाल झाली. विहिरीत बाभळी उगवलेल्या, मोटार नाही, पाईप नाही, स्टार्टरची नुसती पेटी उरलेली. बिल मात्र दर महिन्याला येतंय, तेवढ्याच युनिटचं, सरासरीवर, बिलावर मीटर फॉल्टी लिहिलेलं. वायरमनने मीटरची पेटी उघडायला आणि आतनं गांधीलमाशा बाहेर पडायला एकच गाठ. आम्ही चौघं चार दिशांना. काकांची चप्पल ओढ्यात, ऑपरेटरचा मोबाईल काट्यात, आणि मीटरचा फोटो शेवटपर्यंत मिळालाच नाही. माशांचा मिळाला, तोच फाईलला लावलाय.

आता राहिलं पाचवं बिल. हे कुठलं कोणालाच माहिती नव्हतं, काकांनासुद्धा नाही, निदान ते तसं म्हणाले. बिलावरचा डीटीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा नंबर घेऊन वायरमन पुढं आणि आम्ही मागं, दुपारचा एक वाजलेला, तो नंबर आम्हाला घेऊन गेला एका वस्तीवर. वस्ती कोणाची तर एकेकाळी ग्रामपंचायतीत मोठं पद भूषवलेल्या माणसाची. गोठ्याशेजारी बोअर, बोअरवर मोटार, भिंतीला मीटर, मीटरवर ग्रामपंचायतीचा ग्राहक नंबर. टंचाईच्या काळात गावाच्या पैशातनं घेतलेला बोअर, जागा त्यांनी दिली होती. नळाचा स्टँड तेव्हा होता, आता तिथं म्हशी बांधलेल्या.

मला वाटलं आता वाजणार. पण अण्णा खाटेवरनं उठले, या बसा म्हणले, आणि बसवलंच. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. नाही म्हणायची सोय नव्हती, सकाळपासनं पोटात काही नव्हतं. आता ज्याच्या विरोधात पंचनामा करायचाय त्याच्याच ताटात जेवायचं ह्याला सरकारी भाषेत काय म्हणतात माहिती नाही, पण जेवलो. जेवता जेवताच म्हणलं, अण्णा, ह्याचं बिल गाव भरतंय. ते शांतपणे म्हणले, "बोअर गावाचाच हाय की. पाणी न्यायला कोण येत नाय त्याला मी काय करू? आणि तुम्ही हे कशाला हुडकायलाव? आधीचे भाऊसाहेब कधी इकडं आले नाहीत." मी फोटो काढला, त्यांनी काढू दिला, वर म्हणले म्हशीसकट काढा.

ग्रामसभेत सरपंचताईंनी पाचही बिलं वाचून दाखवली, कुठं काय सापडलं तेवढंच सांगितलं, कोणावर बोट नाही. वस्तीचं नाव घेतलं तेव्हा मंडपात एकदम खोकला सुरू झाला. ठराव झाले. दिव्यांना टायमर, टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच, विहिरीचं कनेक्शन पीडी म्हणजे कायमचं बंद, आणि बोअरबद्दल एक तर स्टँड गावाला परत मोकळा करून द्यायचा नाहीतर कनेक्शन स्वतःच्या नावावर करून घ्यायचं.

ह्यानंतरचं सगळं कंटाळवाणं आहे. पीडी करायला आधी थकबाकी भरा म्हणून सांगितलं, म्हणजे नसलेल्या मोटारीचे पैसे शेवटचे एकदा भरले. टायमरसाठी तीन कोटेशन मागवली तर तीन वेगवेगळ्या दुकानांची तीन लेटरहेडं, आणि तिन्हीत ऑटोमॅटिकचं स्पेलिंग एकाच पद्धतीनं चुकलेलं. ती परत पाठवली, एका सदस्याचं तोंड त्या दिवसापासनं जरा वाकडंच आहे. शेवटी मीच शहरात जाऊन दुकानं फिरलो. आणि टायमर बसवला म्हणून काम संपत नाही हे पण कळलं, डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या आतच दिवस मावळतो आणि जूनमध्ये सातनंतर, त्यामुळं वेळ बदलत राहावी लागते. ते काम आता ऑपरेटरकडं दिलंय, शिपायाकडं नाही.

पुढची बिलं उतरली. आकडा सांगत नाही, गाव ओळखू येईल. कडवळ वाळलं. अण्णांनी बरेच दिवस काहीच केलं नाही, मग एक दिवस मुलाला पाठवून कनेक्शन नावावर करायचा अर्ज दिला, अर्जावर माझ्याच ऑफिसचा शिक्का आधी मागितला. बोलत नाहीत माझ्याशी, पण नातीच्या लग्नाची पत्रिका आली आणि मी गेलो पण.

गंमत अशी की एवढं करून ह्याचा एक फोटो कुठं लागला नाही. रस्ता केला की फीत कापता येते, नारळ फोडता येतो, आमदारांना बोलावता येतं. कमी आलेल्या बिलाला नारळ कुठं फोडणार? एक सदस्य तर स्पष्टच म्हणले की ताई, ह्यात आपलं काय दिसत नाय लोकांना.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ताईंनी सांगितलं की दिवाबत्तीच्या बिलातनं एवढे एवढे पैसे शिल्लक पडलेत, मागच्या आळीची गटार त्यातनं सुरू करू. टाळ्या पडल्या. मग मागनं एक पाटील उठले आणि म्हणले लई चांगलं केलं, आता शिल्लक आहेच तर वेशीवर एक उंच खांबाचा हायमास्ट दिवा बसवून टाका, शेजारच्या गावात आहे, आपल्यातच नाही, पाव्हणे येतात, बरं दिसत नाही. आणि बघता बघता निम्मा मंडप हायमास्ट हायमास्ट करायला लागला.

मी प्रोसिडिंग लिहीत होतो. म्हणलं ठराव घेतो, फक्त सूचक म्हणून तुमचं नाव लिहितो आणि खाली त्याचं दर महिन्याचं बिल कुठल्या निधीतनं भरायचं तेवढं सांगा. पाटील म्हणले, "ते तुम्ही बघा की भाऊसाहेब, तुम्हाला आता येतंय ते."