थोडा चढउतार

काल दुपारी मैत्रिणीने रविवारचा रस्ता पाठवला. ६२ किलोमीटर. सोबत एक ओळ : 'मस्त रस्ता आहे, दोन्ही बाजूंना शेतं, मधे छोटी छोटी गावं, आणि थोडा चढउतार.'

या 'थोडा'शी माझं जुनं भांडण आहे. 'थोडं दुखेल' म्हणणारा दातांचा डॉक्टर, 'थोडं थांबा' म्हणणारा खिडकीमागचा कारकून आणि 'थोडा चढउतार' म्हणणारी सायकलवाली मैत्रीण, या तिघांना मी एकाच बाकावर बसवते.

ओळीखाली रस्त्याच्या उंचीचा आलेख होता. करवत. सुताराने दात वर करून ठेवलेली करवत. आता आलेख खोटं बोलतो हे मलाही कळतं. ६२ किलोमीटरची लांबी चार बोटांत कोंबायची आणि ९० मीटरची उंची बोटभर ताणायची, म्हणजे घराचा उंबरठासुद्धा कड्यासारखा दिसणार. तरी मी तो मोठा करून दात मोजलेच. १९ निघाले. सगळ्या चढांची बेरीज ७८० मीटर. तेवढा एखादा सलग डोंगर चढले असते तर चार लोकांना सांगता तरी आलं असतं.

तेच तर दुखणं आहे. डोंगराच्या चढाला अब्रू असते. त्याला नाव असतं, माथ्यावर उंचीची पाटी असते, पाटीला सायकल टेकवून फोटो काढता येतो. फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातल्या टूर्माले घाटाचं नाव काढलं की सायकलवाले जरा सावरून बसतात. २११५ मीटर उंची, १९१० साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पहिल्यांदा त्यावरून गेली, वगैरे सगळं त्यांना पाठ असतं. पण लाटांसारख्या उठत-बसत जाणाऱ्या टेकाडांना कोण विचारतो? पाय मोडून घरी यावं, 'कुठे गेली होतीस?' असं कुणी विचारावं, आणि आपण सांगावं, 'कुठे नाही, शेतांतून.'

आपण असल्या चढांना नुसती नावं ठेवतो. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये लोकांनी त्यांना नावं दिली आहेत. तिथला कोपनबर्ग समुद्रसपाटीपासून ८० मीटरही उंच नाही. चढ सगळा मिळून ६०० मीटर लांब. पण दगडी गोट्यांचा, आणि सर्वांत वाईट जागी २२ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे सरकायचं तर २२ मीटर वर जायचं. १९८७च्या टूर ऑफ फ्लँडर्स या सायकल शर्यतीत एकटा पुढे निघालेला येस्पर स्किबी हा डॅनिश गडी तिथे आडवा झाला, आणि मागून येणारी शर्यतीच्या अधिकाऱ्यांची गाडी थांबायचं सोडून त्याच्या सायकलवरून गेली. पुढे २००२पर्यंत तो चढ शर्यतीतून बाद होता. एवढा अपमान आणि एवढा मान एका टेकाडाच्या वाट्याला! शेजारच्या नेदरलँड्सचं तर आणखीच न्यारं. त्या देशाची युरोपातल्या जमिनीवरची सर्वांत उंच जागा ३२२ मीटर आणि काही सेंटिमीटर. ती आहे दक्षिणेकडच्या लिम्बुर्ख या कोपऱ्यात, आणि सपाटीला कंटाळलेले डच सायकलवाले चढ शोधत त्याच कोपऱ्यात गोळा होतात. मी तिथे असते तर उरलेल्या देशात सुखाने पॅडल मारत राहिले असते.

चढउतारवाल्यांचा एक लाडका युक्तिवाद असतो : 'अगं, जेवढा चढ तेवढाच उतार, हिशेब सारखाच.' हा हिशेब सारखा नाही. एक किलोमीटर चढ ताशी १० च्या वेगाने चढला तर ६ मिनिटं लागतात. तोच किलोमीटर ताशी ४० ने उतरला तर दीड मिनिट. सरासरी २५ येईल असं वाटतं, येते १६. त्याहून वाईट म्हणजे साडेसात मिनिटांतली सहा चढातच जातात. रस्ता निम्मा उताराचा, पण आयुष्य पाचातलं चार भाग चढावर. आणि उतारावर मिळालेला जोर पुढच्या चढाला पुरावा, तर तोही पुरत नाही. वाटेत वारा आपला हिस्सा काढून घेतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. उतार संपताना मी हँडलवर वाकून, कोपर आत घेऊन, अगदी श्वास रोखूनसुद्धा पाहिलंय. समोरच्या चढाच्या दोन-तृतीयांशापर्यंत पोचते. उरलेला एक-तृतीयांश दर वेळी तिथेच माझी वाट पाहत असतो.

अर्थात गिअर आहेत म्हणून एवढी तक्रार तरी सुचते. १९३७ साल उजाडेपर्यंत टूर द फ्रान्समध्ये चालत्या सायकलवर गिअर बदलणारं यंत्र लावायला बंदी होती. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दातेरी चक्रं असायची, एका बाजूला चढाचं, दुसऱ्या बाजूला सपाटीचं. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, चेन चढवायची आणि निघायचं. एका मोठ्या घाटासाठी हे ठीक. पण माझ्या या १९ दातांच्या करवतीवर कुणी असं करायला लागला तर त्याचा रविवार चाक उलटंपालटं करण्यातच संपेल.

पुढे चढ आहे का, हे वाटेत कुणाला विचारायचं याचीही माझी एक पद्धत ठरली आहे. गाडीवाल्याला विचारायचं नाही. तो मनापासून सांगतो, 'सपाट आहे हो, एकदम सरळ रस्ता,' आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं, कारण त्याचा चढ इंजिन चढतं. विचारायचं ते पायी चालणाऱ्याला, त्यातही म्हाताऱ्या माणसाला. एकदा एका फाट्यावर काठी टेकत चाललेल्या एक आजी भेटल्या. मी म्हटलं, "आजी, पुढे चढ आहे का हो?" त्यांनी आधी माझ्या चाकांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. म्हणाल्या, "दोन आहेत बाई. पहिला बारका. दुसऱ्याला उतर आणि हातात धरून ने. कुणी हसत नाही तिथं."

दुसऱ्या चढाला मी उतरले. खरंच कुणी हसलं नाही. कुणी नव्हतंच.

असल्या रस्त्यांवर शेतं सुंदर असतात यात शंकाच नाही, पण ती बघते कोण? चढताना नजर पुढच्या चाकाच्या हातभर पुढे, उतरताना खड्ड्यांवर. मला विचाराल तर या रस्त्यांवर बघण्यापेक्षा ऐकायला जास्त मिळतं, आणि ते गावांमध्ये. सायकल आवाज करत नाही, त्यामुळे गाव आपलं बोलणं थांबवत नाही. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. उघड्या खिडकीतलं बोलणं २० मीटरच्या टप्प्यात ऐकू येतं असं धरलं तर एका घराला चार सेकंद मिळतात. चार सेकंदांत एक वाक्य बसतं. बरोबर एक. आधीचं नाही, पुढचं नाही.

माझ्याकडे अशी बरीच वाक्यं साठली आहेत. 'तिला सांगायचं नाही असं ठरलं होतं ना.' 'मी तेव्हाच म्हटलं होतं, आकाशी नको.' एका गावाच्या वळणावर एक बाई अतिशय शांतपणे म्हणाली, 'मग टाक विहिरीत.' काय टाक, हे कळायच्या आत वळण संपलं, पुढे उतार होता आणि मी ४० च्या वेगाने त्या गावाबाहेर फेकली गेले. दहा वर्षं झाली. अजून अधूनमधून रात्री आठवतं. मोडकी बादली असेल. पत्र असेल. मागे वळून विचारायला हवं होतं, पण मागे वळायचं म्हणजे तोच उतार चढायचा.

तर उतार. पॅडल थांबवलं की फ्रीव्हीलची जी टिकटिक सुरू होते, ती मला अजून सुट्टीच्या घंटेसारखी वाटते. आतल्या छोट्या खिट्या दात्यांवरून घसरतात, एवढंच. पण लहानपणी त्या टिकटिकीवर आमचा अख्खा खेळ चालायचा.

घराजवळ एक उतार होता, खाली आल्यावर रस्ता लांबवर सपाट जायचा. वरून सुटायचं, पॅडल अजिबात मारायचं नाही, आणि सायकल जिथे आपोआप थांबेल तिथे खडूची रेघ मारायची. टिकटिक हळू हळू होत जायची, टिक, टिक, मग बराच वेळ काही नाही, मग एक शेवटचा टिक. त्या शेवटच्या टिकासाठी आम्ही हँडल डावी-उजवीकडे झुलवत, अंग पुढे ढकलत, नाही नाही ते करायचो. पाय टेकला की खेळ संपला. रेघेशेजारी नावाचं पहिलं अक्षर.

सर्वांत पुढची रेघ कायम माझ्या आतेभावाची. तो अंगाने भरलेला होता, मी काडी. माझी सायकल हलकी, चेनला रोज तेल, हवा टंच, तरी तो दहा-बारा पावलं पुढे जायचाच. मोठेपणी कळलं की वजन वाढलं की खाली ओढणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो, वारा मात्र अडवताना अंगाचा आकार बघतो. तेव्हा हे कळत नव्हतं, पण काहीतरी वजनाचं आहे एवढी शंका आली होती. म्हणून मी एक दिवस कॅरिअरच्या क्लिपखाली तीन विटा घट्ट बसवल्या आणि सुटले. मागे विटा खडखडत होत्या, वर त्यांची लाल पूड उडत होती, खालच्या वळणावर मागचं चाक जरा भलतीकडेच निघालं होतं. पण रेघ पडली ती माझ्या आदल्या रेघेच्या तीन पावलं पुढे.

आतेभावाने ती रेघ मान्य केली नाही. म्हणाला, "विटांचं नाव लिही." मी इरेला पेटून पुन्हा वर निघाले, या वेळी चार विटांसाठी. त्या चार विटा घातलेली सायकल ढकलत वर नेताना मला धाप लागली असणार, मधे थांबले असणार, पोटरीवर चेनचे काळे दात उमटले असणार. पण यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. दिवसातून वीस-वीस वेळा आम्ही सायकली वर ढकलल्या, अर्ध्या मिनिटाच्या उतारासाठी पाच-पाच मिनिटं, आणि माझ्या आठवणीत तो रस्ता फक्त खालीच जातो.

काल तो आलेख मी आतेभावाला पाठवला, उगाच. गुडघा बदलल्यापासून तो जिनासुद्धा पायऱ्या मोजून चढतो. सायकल त्याने कधीच देऊन टाकली. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं :

'विटा घेऊन जा.'