तुम्ही विचारलंत म्हणून: मॉनिटर असताना क्वांटम सेन्सर कशाला?

अणूंच्या मदतीने हृदयाचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं काम करते असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘आयसीयूत पेशंटला चोवीस तास मॉनिटर लावलेलाच असतो ना? हृदय बिघडलं तर कळतंच की. त्यात तुमचं हे क्वांटम कशाला?’ विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरचं कुणीतरी कधी ना कधी आयसीयूत राहून आलेलं असतं, त्यामुळे प्रश्नात कुतूहलापेक्षा राग जास्त असतो. इन्फेक्शन आटोक्यात येतंय असं सांगत होते आणि एका रात्रीत ‘आता हार्टही साथ देत नाहीये’ कुठून आलं, हे त्यांना खरं तर विचारायचं असतं.

मॉनिटर खोटं बोलत नाही. पण आपण त्याला फार थोडं विचारलेलं असतं. छातीवर तीन किंवा पाच चकत्या, पडद्यावर एक-दोन लीड (म्हणजे हृदयाकडे बघायच्या एक-दोन बाजू), ठोक्यांचा वेग आणि लय. लय बिघडली, ठोके फार वाढले, फार कमी झाले, तर तो ओरडतो. नको तेव्हाही इतका ओरडतो, की माणसांना त्या आवाजाची सवय होऊन जाते. पण हृदयाच्या स्नायूचा जोर हळूहळू ओसरतोय हे त्या एका रेषेत दिसेलच असं नाही.

आणि गंभीर आजारात नेमकं तेच होतं. सेप्सिसचं उदाहरण घ्या. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेलं उत्तरच बेताल होतं आणि अवयव एकेक करून निकामी व्हायला लागतात. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये मार्गारेट पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की सेप्टिक शॉकमध्ये डावा कप्पा फुगतो, त्याचं आकुंचन कमी पडतं आणि जे रुग्ण वाचतात त्यांच्यात हे सगळं दहाएक दिवसांत पूर्वपदावर येतं. शेवटची गोष्ट मला आजही सगळ्यात विलक्षण वाटते. स्नायू मेलेला नसतो. पेशींमधला कॅल्शियमचा व्यवहार बिघडलेला असतो, पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया दमलेले असतात, अ‍ॅड्रिनलिनसारख्या संदेशांना दाद मिळत नसते. पण पेशी बहुतांशी जिवंत असतात. हार्ट अटॅकसारखी कुठली एक रक्तवाहिनी तुंबलेली नसते, त्यामुळे अटॅक ओळखायची आपली सवयीची हत्यारं इथे अडखळतात. ट्रोपोनिन, म्हणजे इजा झालेल्या हृदयस्नायूतून रक्तात येणारं प्रथिन, अटॅकमध्ये वाढतं, पण ते सेप्सिसमध्येही वाढतं आणि मूत्रपिंडाच्या आजारातही.

‘मग इको करा की!’ इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. करतातच, आणि करायलाच हवी. तिचीही एक गोची आहे. शॉकमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणजे हृदयाला रक्त ढकलायला समोरून विरोधच उरत नाही. अशा वेळी दुबळं हृदयही सहज रिकामं होतं आणि इजेक्शन फ्रॅक्शनचा, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर गेलं त्याचा, आकडा छान येतो. मग रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रिनलिन चालू करून रक्तदाब वर आणला की तोच आकडा घसरतो. हृदय तासाभरात बिघडलं का? नाही, आधीचं झाकलेलं उघडं पडलं. शिवाय इको म्हणजे त्या दहा-पंधरा मिनिटांची गोष्ट, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची फुप्फुसं हवेने फुगलेली असताना हृदय नीट दिसेल याची खात्री नाही.

आता आमच्याकडे वळते. हृदयातून वीज वाहते म्हणून ईसीजी निघतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र आलंच. ते पहिल्यांदा पकडलं १९६३ मध्ये, सिरॅक्यूज विद्यापीठातल्या गेरहार्ड बाउले आणि रिचर्ड मॅकफी यांनी. साधी तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, प्रत्येकात वीस लाखांच्या आसपास वेढे. १९७० च्या सुमारास एमआयटीत डेव्हिड कोहेन आणि सहकाऱ्यांनी स्क्विड नावाचा अतिसंवाहक सेन्सर वापरून कितीतरी स्वच्छ नोंद मिळवली. स्क्विडला द्रवरूप हेलियम लागतं, उणे २६९ अंश सेल्सियस. ते सांभाळायचं तर रुग्णालयात एक छोटी प्रयोगशाळाच थाटावी लागते, आणि म्हणूनच हे तंत्र पन्नास वर्षं संशोधकांच्याच अंगणात राहिलं.

आमच्या सेन्सरमध्ये हेलियम नाही. काही मिलिमीटरची काचेची कुपी असते आणि तिच्यात रुबिडियम धातूची वाफ. लेझरने त्या अणूंची फिरकी, म्हणजे स्पिन, एका दिशेला वळवायची. क्षेत्र आलं की अणू त्याच्याभोवती डुलत गिरक्या घेतात, आणि गिरक्यांचा वेग क्षेत्राच्या ताकदीवर ठरतो: रुबिडियम-८७ साठी एका नॅनोटेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग) सेकंदाला साधारण सात गिरक्या. पृथ्वीचं क्षेत्र धरा ५० मायक्रोटेस्ला, म्हणजे ५० हजार नॅनोटेस्ला. म्हणजे सेकंदाला साडेतीन लाख. हृदयाचं क्षेत्र छातीजवळ फार तर ०.१ नॅनोटेस्ला. म्हणजे फरक पडतो तो एक गिरकीसुद्धा नाही, पाऊणही नाही. साडेतीन लाखांत तेवढा फरक ओळखायचा, आणि तो ओळखता येतो! प्रिन्स्टनमध्ये मायकेल रोमॅलिस यांच्या गटाने २००३ मध्ये एका फेम्टोटेस्लापेक्षाही (नॅनोटेस्लाचा दहा लाखावा भाग) कमी क्षेत्र पकडण्याइतकी संवेदनशीलता दाखवली. हृदयाचं क्षेत्र त्याच्या लाखपट आहे. थोडक्यात, ‘एवढं बारीक ऐकू येईल का’ या प्रश्नाचं उत्तर वीस वर्षांपूर्वीच मिळालंय.

(हिऱ्यातल्या नायट्रोजनच्या दोषांचे सेन्सरही आहेत. जपानमध्ये ते वापरून उंदराच्या उघड्या हृदयाजवळून मिलिमीटर पातळीवर क्षेत्राचा नकाशा काढलाय. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला नॅनोहिरे पेशीत सोडून मुक्त मूलकं, म्हणजे पेशीतले अतिक्रियाशील रेणू, मोजतात, आणि सेप्सिसमधले मायटोकॉन्ड्रिया समजून घ्यायला ते पुढेमागे फार उपयोगी पडेल असं मला वाटतं. पण माणसाच्या छातीवर, खाटेशेजारी, आज तरी रुबिडियम नाहीतर सीझियमच.)

मग अडलंय कुठे? खोलीत.

आयसीयूतली एक खाट डोळ्यांपुढे आणा. खाट लोखंडी, डोक्याकडून उचललेली. उशाशी चार-पाच सिरिंज पंप, प्रत्येकात मोटर. व्हेंटिलेटर. भिंतीतल्या विजेच्या तारांची ५० हर्ट्झची घरघर. पलीकडे लिफ्ट. प्रयोगशाळेत आम्ही चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटलच्या जाड पत्र्यांच्या खोलीत दार लावून बसतो आणि खिशात किल्ली राहिलेला माणूस आत आला तर नोंद पुसून परत सुरू करतो. पाच औषधं चालू असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या माणसाला त्या खोलीत नेणार कसं? नुसतं हलवणंच त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणजे सेन्सरने त्याच्याकडे जायचं, आणि तेही पृथ्वीच्या उघड्या क्षेत्रात चालेल असा सेन्सर घेऊन. सर्वांत संवेदनशील जात तिथे चालत नाही, तिला शून्याजवळचं क्षेत्र लागतं.

ठीक, गेलो. सेन्सर छातीवर ठेवला. रुग्णाने श्वास घेतला, म्हणजे व्हेंटिलेटरने दिला, आणि छाती हलली. लोखंडी खाटेजवळ क्षेत्र जागोजाग बदलतं. मीटरमागे एक मायक्रोटेस्ला एवढाच बदल धरला तरी सेन्सर मिलिमीटरभर सरकला की आकडा एका नॅनोटेस्लाने हलतो. हृदयाच्या दसपट! तोही प्रत्येक श्वासाला, अगदी नियमित. म्हणून सेन्सर छातीवर न ठेवता वर चौकटीत घट्ट बसवायचा. बसवला, तर हृदयापासून लांब गेला आणि मिळणारं क्षेत्र झपाट्याने घटलं. जवळ जावं तर हालचाल नडते, लांब जावं तर अंतर नडतं. दोन सेन्सर एकावर एक लावून त्यांची वजाबाकी करतात, म्हणजे लांबचा गोंगाट दोन्हींत सारखा असल्याने कटतो. त्याने पुष्कळ काम होतं. सगळं होत नाही, कारण सिरिंज पंप लांब नसतो.

उरलेल्या गोंगाटावर नेहमीचा उतारा म्हणजे सरासरी. मिनिटभराचे सत्तर-ऐंशी ठोके एकावर एक ठेवायचे. हृदयाचं तेवढं उरतं, बाकीचं विरतं. निरोगी स्वयंसेवकावर हे झकास चालतं. पण गंभीर रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय पार अनियमित होणं, नव्याने सुरू होणं ही रोजचीच गोष्ट. तिथे प्रत्येक ठोक्यातलं अंतर वेगळं आणि पुढच्या टी लहरीचा (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होतं तेव्हाची लहर) आकारही त्यानुसार वेगळा. अशा ठोक्यांची सरासरी काढली तर जे चित्र मिळतं तसा ठोका त्या रुग्णाच्या हृदयात एकदाही पडलेला नसतो. आणि मधेच पडणारा वेडावाकडा ठोका, जो डॉक्टरला हवा असतो, तो तर सरासरीत हमखास बुडतो. गणिताने यातून वाटा काढता येतात. पण ‘स्वच्छ नोंद’ म्हणून कुणी नुसती सरासरी दाखवली की मी आधी कच्चे ठोके मागते.

एवढा खटाटोप करून मिळणार काय, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. अटॅकचं निदान जलद होईल म्हणून मी या कामाकडे बघत नाही. त्यासाठी बारा लीडचा ईसीजी आणि ट्रोपोनिन आहेत आणि ते बरं काम करतात. माझा डाव दुसऱ्या गोष्टीवर आहे: एकाच रुग्णाची त्याच्याच कालच्या नोंदीशी तुलना.

आयसीयूतला माणूस दोन-चार दिवसांत सुजतो. शिरेतून गेलेलं पाणी ऊतींत उतरतं. ईसीजीची वीज त्वचेपर्यंत पोचते ती याच ऊतींमधून, त्यामुळे सूज चढली की ईसीजीच्या लहरी बुटक्या होतात. हृदय आहे तसंच, पण कागदावर काल आणि आज वेगळे. चुंबकीय क्षेत्राला ऊती किती ओल्या आहेत याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ते जवळपास न अडखळता बाहेर येतं. अंतर थोडं वाढेल तेवढंच. म्हणून ज्या रुग्णाचं शरीर दिवसागणिक बदलतंय त्याचं हृदय बदललं का हे विचारायला मला ही वाट जास्त भरवशाची वाटते. छातीवर ओळीने अनेक ठिकाणी मोजलं की टी लहरीच्या वेळचा एक नकाशा तयार होतो, एक धन बाजू, एक ऋण बाजू. निरोगी हृदयात तो टी लहर चढत असताना बराचसा जागेवर राहतो. आजारी हृदयात तो फिरतो, कधी फाटतो. ठोका संपल्यावर पेशी पुन्हा तयार होतात तो हा काळ, आणि कॅल्शियम-पोटॅशियमचा व्यवहार बिघडला तर इथेच काहीतरी उमटायला हवं.

‘उमटायला हवं’ असंच म्हणते मी, ‘उमटतं’ नाही. सेप्सिसमधलं दुबळं हृदय, औषधांनी लांबलेला क्यूटी (ईसीजीवर ठोक्याच्या सुरुवातीपासून टी लहर संपेपर्यंतचा काळ) आणि घसरलेलं पोटॅशियम हे तिन्ही या नकाशात वेगवेगळे ओळखू आले तरच त्याला अर्थ आहे. तिन्हींत नकाशा नुसता ‘बिघडलेला’ दिसला, तर आयसीयूत ओरडणारं आणखी एक यंत्र वाढवल्याचं श्रेय तेवढं मिळेल. आणि ओळखू आले तरी पुढचा प्रश्न राहतोच: डॉक्टर त्यावरून काही वेगळं करतील का, आणि केलं तर रुग्णाचं भलं होईल का. याचं उत्तर भौतिकशास्त्राकडे नाही. काही रुग्णांचे नकाशे डॉक्टरांना दाखवायचे, काहींचे झाकून ठेवायचे आणि शेवटी किती जण आपल्या पायांनी घरी गेले ते मोजायचं, हाच त्यावरचा मार्ग.

जाता जाता: हातात धातूची दांडी धरायला देऊन मिनिटभरात हृदय, यकृत, जीवनसत्त्वं सगळ्यांचा अहवाल छापून देणारे ‘क्वांटम अ‍ॅनालायझर’ विकले जातात, त्यांचा वरच्या कशाशीही संबंध नाही. दांडीत ना लेझर, ना रुबिडियम. पैसे वाया घालवू नका.

आणि तुमचं माणूस आत्ता आयसीयूत असेल, तर या यंत्राची चौकशी करत बसू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. इको शेवटची कधी झाली, आणि तेव्हा रक्तदाबाची औषधं किती चालू होती? पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आज किती आहे? चालू औषधांत क्यूटी लांबवणारी किती? काही अँटिबायोटिक्स, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन, भ्रमासाठी दिलेलं हॅलोपेरिडॉल, अशी तीन-चार सहज एकत्र येतात. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या कारणांनी लिहिलेली असतात आणि एकेकटं बघितलं तर प्रत्येकाचं कारण रास्तच असतं.