साडेबारा व्होल्ट आणि तरी नुसती टिकटिक

एकदाची बंद पडलेली गाडी परवडली, पण अधूनमधून बंद पडणारी नको. बंद गाडी टो करून नेली तर मेकॅनिकसमोरही बंदच राहते. अधूनमधूनची मात्र गॅरेजच्या दारात पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाण्यासारखी वागते. माझ्या नऊ वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकने गेल्या पावसाळ्यात हाच खेळ मांडला. मी राहतो रत्नागिरीत. इथली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सोडत नाही, तिथे तांब्याच्या तारेचं काय!

तक्रारी एकमेकींशी जुळत नव्हत्या. कधी सकाळी सेल्फ जड फिरायचा, कधी नुसती टिकटिक. घड्याळ मधूनच बारावर येऊन बसायचं. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पॉवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागायचा. रात्री वायपर आणि हेडलाइट चालू असताना इंडिकेटर दिला, की त्याच्या तालावर डॅशबोर्ड मंद व्हायचा. आणि मग आठवडाभर काहीच नाही.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. स्टिअरिंग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा) आणि इंजिन, तिघांच्या बिघाडाच्या कोडमध्ये 'व्होल्टेज कमी' अशी नोंद निघाली. त्यांनी स्टिअरिंगचा कंट्रोल युनिट बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. आकडा बघून मी फक्त कोडची प्रिंट घेतली आणि घरी आलो. तीन वेगळी युनिटं एकाच वेळी एकच तक्रार करत असतील, तर तिघं आजारी असण्यापेक्षा तिघांना मिळून जे जेवण मिळतं त्यात खोट असण्याची शक्यता जास्त. म्हणजे बॅटरी, डायनमो (अल्टरनेटरला आमच्याकडे अजून डायनमोच म्हणतात) नाहीतर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी.

मग गाडीत एक वही ठेवली. बिघाड झाला की लिहायचं: गाडी किती वेळ उभी होती, पाऊस होता का, इंजिन थंड की तापलेलं, काय काय चालू होतं. ही वही मीटरपेक्षा जास्त उपयोगी पडली. थोड्याच दिवसांत दोन वेगळे गट दिसायला लागले. जड सेल्फ फक्त गाडी दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर. टिकटिक आणि डॅशबोर्डचा अंधार मात्र गाडी नुकतीच चालून आल्यावर, बहुतेक वेळा पावसात. एकाच रोगाची ही लक्षणं नव्हती.

आधी बॅटरी. सकाळी मीटर लावला तर १२.४८ व्होल्ट. आमचा वायरमन म्हणाला, "साहेब, साडेबारा आहे, बॅटरीला काही झालेलं नाही." पण नुसत्या उभ्या गाडीचा आकडा फसवा असतो. रात्री गाडी चालवून आणली असेल तर प्लेटांवर वरवरचा चार्ज राहतो आणि तोच मीटरवर दिसतो. हेडलाइट दोन-तीन मिनिटं चालू ठेवले, बंद केले, थोडं थांबून पुन्हा मोजलं: १२.१. पूर्ण भरलेल्या बॅटरीने १२.६ च्या आसपास दाखवायला हवं, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी.

खरी परीक्षा सेल्फ मारताना. स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे खालचा गोता त्याला दिसतच नाही. मिन-मॅक्सचं बटण असलेला मीटर मित्राकडून आणला. व्होल्टेज ८.८ पर्यंत पडत होतं; चांगली बॅटरी साधारण ९.६ च्या वर टिकते. गाडी सुरू झाल्यावर टर्मिनलवर १४.२, लाइट आणि ब्लोअर लावून १३.९. म्हणजे डायनमो निर्दोष. एस्टिमेटमध्ये त्याचंही नाव होतं, हे सहज आठवलं म्हणून सांगतो.

माझ्या बॅटरीला बुचं होती, म्हणून ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घालता आला. रात्रभर हळू चार्जिंगला लावून दुसऱ्या दिवशी बघितलं: पाच सेलचं ॲसिड १.२५० च्या आसपास, पॉझिटिव्हकडून दुसऱ्या सेलचं १.१८०. आता वायरमननेही मान डोलावली, "एक सेल बसलाय." एक सेल बसला की बाकीचे पाच कितीही धडधाकट असोत, बॅटरी संपली. (ॲसिड बघताना चष्मा लावा आणि सुती कपडे जुने घाला. माझ्या शर्टाला भोकं पडायला तेवढे दोन-चार थेंब पुरले.) नवीन बॅटरी घेतली, जुनी दुकानात जमा केली, तिचे पैसे बिलातून वजा झाले. घेताना आकाराबरोबर प्लस कुठल्या बाजूला आहे तेही बघावं लागतं. उलटी आणली तर केबल पोचत नाही, आणि ताणून पोचवली तर आणखी वाईट.

जड सेल्फ गेला. दुसरा गट मात्र नुसता दबा धरून बसला होता.

कोल्हापूरहून परत येताना आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो. धो धो पाऊस. परत येऊन दार उघडलं तर आतला दिवा छान लागला. चावी फिरवली आणि सगळं गडप. चावी मागे घेतली, दिवा पुन्हा हजर. शेजारी एक टेम्पोवाला होता, त्याच्याकडे जंपर केबल. त्याने प्लसला प्लस जोडला आणि काळा चिमटा माझ्या बॅटरीच्या मायनसला न लावता बॉडीच्या बोल्टला लावला, तसाच लावायचा असतो. गाडी लगेच सुरू. तो विचारतो, "काका, बॅटरी नवीन दिसतेय की?" नवीनच होती. मग आम्ही गाडी बंद केली, त्याचा टेम्पो सोडवला, आणि काळी केबल फक्त माझ्याच बॅटरीच्या मायनसपासून माझ्याच बॉडीपर्यंत जोडली. चावी फिरवली. सगळे दिवे लखलखीत, सेल्फ कडक. केबल काढली, पुन्हा अंधार. टेम्पोवाला हसला, "अर्थिंग!" चहाचे पैसे त्याला देऊ दिले नाहीत. तारेच्या एका तुकड्याने ती केबल तशीच बांधून घरी आलो.

यामागचं कारण समजलं की अर्धं शोधकाम होतं. माझ्या गाडीत बॅटरीच्या मायनसमधून दोन तारा निघतात: एक जाड, गिअरबॉक्सला, दुसरी जरा बारीक, बॉडीला. सेल्फची मोटर जाड तारेवर चालते. पण दिवे, वायपर, स्टिअरिंग आणि सेल्फच्या रिलेचं (चावीने चालू होणाऱ्या स्विचचं) कॉइल, हे सगळे बॉडीच्या तारेवर. ती तार आतून कुजली आणि दोन-चार धागेच शिल्लक राहिले, तर दाराच्या पाच वॅटच्या दिव्याला ते पुरतात. चावी फिरवून मोठा करंट मागितला की त्या धाग्यांतच सगळं व्होल्टेज खर्च होतं. स्टिअरिंगची मोटर जागेवर वळवताना भरपूर अँपिअर ओढते, म्हणून तिचा दिवा सगळ्यात आधी लागायचा. आणि रेझिस्टन्सवर मीटर ठेवून तार तपासली तर ती 'चांगली' दिसते, कारण मीटर स्वतः अगदी चिमूटभर करंट सोडतो.

म्हणून मोजायचं ते लोड चालू असताना. मीटर व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. लाल पिन बॉडीच्या उघड्या धातूवर. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू. तिथे जवळपास शून्य हवं, ०.२ च्या वर गेलं की शंका घ्यायची. मला ०.९ मिळालं, आणि तार हलवली की आकडा वरखाली नाचायचा. मग लाल पिन एकेक टप्पा पुढे: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते तार, तार ते थिंबल (तारेच्या टोकाचं, बोल्टमध्ये अडकवायचं कडं), थिंबल ते बॉडी. सगळं नुकसान एका थिंबलमध्ये होतं, बॅटरीच्या ट्रेखाली, जिथे पाणी साठतं. बाहेरून बोल्ट घट्ट, रंग ठीक. प्लॅस्टिक कापल्यावर आत तांब्याचा हिरवट भुगा. मी त्या बोल्टला दोनदा पाना लावून बघितला होता.

नवी तार, दाबून बसवलेलं थिंबल, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू, वर व्हॅसलीन. आकडा ०.०४. हे सगळं मिळून नव्या बॅटरीच्या तुलनेत चहापाण्याच्या खर्चात झालं.

एक कोडं राहिलं होतं. चांगली बॅटरी निम्मी रिकामी का व्हायची? गणपतीत गाडी घरासमोर उभी राहिली आणि नवी बॅटरीसुद्धा उतरायला लागली. रात्री मायनसची तार सोडवून खांब आणि तार यांच्या मधे मीटर जोडला, दहा अँपिअरच्या भोकात. तसं जोडलेलं असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून दार 'बंद' केलं आणि अर्धा तास थांबलो, कारण गाडीतली युनिटं झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवं. माझं २८० वर अडकलं होतं. दिवसाला जवळपास पावणेसात अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अडीच-तीन दिवसांत अर्ध्यावर आणायला एवढं पुरे. असं वारंवार झालं की प्लेटांवर सल्फेट बसतं, आणि मग एक सेल मान टाकतो.

फ्यूज एकेक काढून बघायची रीत आहे, पण परत लावताना युनिटं जागी होतात आणि पुन्हा अर्धा तास. त्यापेक्षा फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, तिथे मीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा. करंट वाहत असेल तर तिथे बारीकसा आकडा येतो. बाकी सगळ्यांवर शून्य, स्टिरिओच्या फ्यूजवर आकडा. हा स्टिरिओ मी बाहेरून बसवून घेतला होता. मागे हात घातला तर लाल आणि पिवळी तार एकत्र पिळून टेप मारलेली. पिवळी स्टिरिओच्या मेमरीसाठी, ती कायम चालू असते. लाल चावीवर असायला हवी. दोन्ही कायमच्या लाइनवर असल्याने स्क्रीन काळी दिसायची, पण आतला सेट रात्रभर जागा.

बसवणाऱ्याला दाखवलं. त्याने लाल तार काढून चावीच्या लाइनवर दिली, मीटरवर २० मिलिअँपिअर बघितले आणि म्हणाला, "साहेब, मी सगळ्या गाड्यांना असंच जोडतो. आजवर कोणी परत आलं नाही."