क्रास्नोगोर्स्क : झेनितचे गाव

मॉस्कोहून रीगा मार्गावरच्या लोकलने वायव्येला निघाले की थोड्याच वेळात क्रास्नोगोर्स्क येते. पर्यटक इकडे सहसा फिरकत नाहीत. मी गेलो तो ‘झेनित’ कॅमेरे घडवणाऱ्या कारखान्याच्या ओढीने. तिथे संरक्षण उत्पादन आजही चालू असल्यामुळे त्याच्या भिंतीच तेवढ्या पाहता आल्या.

१९४१ मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीपर्यंत आले तेव्हा इथला मूळ कारखाना नोवोसिबिर्स्कला हलवण्यात आला आणि रिकाम्या पडलेल्या जागेत १९४२ साली नवा उभा राहिला, तो लष्करासाठी दुर्बिणी आणि तत्सम उपकरणे बनवण्यासाठी. छायाचित्रकारांचा कॅमेरा इथे आला तो युद्धानंतर, आणि तोही उसना. खारकीवमधील अनाथ मुलांच्या श्रमवसाहतीत १९३४ पासून ‘फेद’ नावाचा कॅमेरा बनत असे, जो जर्मन ‘लायका टू’ची उघड नक्कल होता; त्याच्याच आराखड्यावरून क्रास्नोगोर्स्कने १९४८ मध्ये ‘झोर्की’ काढला.

नक्कल म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी १९५२ चा पहिला झेनित अवश्य पाहावा. झोर्कीतील अंतरमापक काढून त्या जागी आरसा आणि पंचकोनी प्रिझम बसवल्यामुळे भिंगातून येणारे दृश्यच थेट डोळ्यांसमोर उभे राहू लागले. ही उसनवारी नव्हे, ही कारागिरी.

मॉस्कोतल्या इझमाइलोवोच्या जुन्या बाजारात मी १९६० च्या दशकातला ‘झेनित-ई’ हाताळला. वरवंट्यासारखा जड! प्रकाशमापक सेलेनियमचा असल्याने बॅटरीची गरज नाही. मात्र शटरचा ठरावीक वेग १/३० सेकंदापेक्षा कमी होत नाही, ही त्याची मोठी उणीव. तरीही तीस लाखांहून अधिक नग बनलेला हा कॅमेरा परदेशांतही खपला, आणि त्यावरचे ‘हेलिओस-४४’ हे ५८ मिलिमीटरचे भिंग, जे जर्मन झाइस कंपनीच्या ‘बायोटार’ भिंगावरून घेतले होते, पार्श्वभूमीला भोवऱ्यासारखे फिरवते म्हणून आज नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवरही हौसेने लावले जाते.

या कारखान्याचे सर्वांत थोर काम मात्र बाजारात कधीच आले नाही. ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘लूना-३’ या सोव्हिएत यानाने चंद्राची पलीकडची बाजू प्रथमच टिपली, ती येथे घडलेल्या ‘एएफए-ई१’ या कॅमेऱ्याने. फिल्म यानातच धुतली गेली आणि चित्रे रेडिओ लहरींनी पृथ्वीवर पाठवली गेली.

फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन पुढे थांबले. २०१८ मध्ये ‘झेनित एम’ हा डिजिटल कॅमेरा निघाला, आणि त्याचा सांगाडा खुद्द लायकाने पुरवला.