बोडी : टेकूवर उभं असलेलं गाव

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी मंडळींची लाँग वीकेंडची यादी साधारण ठरलेली असते. योसेमिटी, टाहो, फार तर मोनो लेक. मोनो लेकपर्यंत जाताच आहात तर हायवे ३९५ धरून थोडं उत्तरेला सरका आणि बोडी या ओस पडलेल्या सोन्याच्या खाणींच्या गावाला निदान अर्धा दिवस द्या. तिथं आहेत ती जुनी लाकडी घरं, आणि त्यातल्या मोजक्याच घरांत पाऊल टाकता येतं. बाकी सगळं काचेला नाक लावून बघायचं. ज्यांना 'ॲक्टिव्हिटी' लागते त्यांनी येऊ नये.

आधी रस्त्याचं. ब्रिजपोर्ट गावाच्या दक्षिणेला सुमारे सात मैलांवर २७० नंबरचा फाटा फुटतो, तिथून बोडी तेरा मैल. शेवटचे तीन मैल कच्चे आहेत आणि गाडीचे सगळे नटबोल्ट मोजून घेतात. साधी सेडान जाते, घाई मात्र करू नका. योसेमिटीतून येणार असाल तर टायोगा पासचा घाट उघडा आहे का ते बघा. बर्फामुळे तो साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बंदच असतो. हिवाळ्यात बोडीचा रस्ताही गाडीला बंद होतो, मग स्की किंवा स्नोशूज घालून जाणारे दर्दीच तिथं पोचतात.

गावाची गोष्ट थोडक्यात. १८५९ मध्ये इथं सोनं सापडलं. ज्याच्या नावावरून गाव ओळखलं जातं तो बोडी नावाचा माणूस लवकरच बर्फाच्या वादळात गेला, वैभव काही त्याला दिसलं नाही. खरी धामधूम १८७७ नंतरची. १८८० च्या आसपास इथं आठ-दहा हजार माणसं होती असं सांगतात. मग सोनं आटलं, माणसं पांगली, १८९२ आणि १९३२ च्या आगींनी उरलंसुरलं खाल्लं. आज दिसतं ते मूळ गावाच्या जेमतेम पाच टक्के. तेवढं तरी उरलं, कारण गावातली बरीचशी मालमत्ता ज्यांच्या हाती आली त्या केन कुटुंबानं राखणदार ठेवले. १९६२ मध्ये गाव कॅलिफोर्निया राज्याच्या ताब्यात जाऊन स्टेट हिस्टॉरिक पार्क झालं.

मी गेलो तो खरं म्हणजे यापुढच्या भागासाठी. पार्कनं ठरवलं की १९६२ मध्ये गाव ज्या अवस्थेत हाती आलं त्याच अवस्थेत ठेवायचं. 'अरेस्टेड डिके' म्हणतात त्याला. रंग लावायचा नाही, तुटलेलं नवं करायचं नाही, पण पुढं पडूही द्यायचं नाही. घर वाकडं असेल तर वाकडंच राहील, फक्त आणखी वाकणार नाही.

ऐकायला सोपं वाटतं. एखाद्या घराच्या कोपऱ्याशी वाकून बघा म्हणजे यात काय काम आहे ते कळेल. ही घरं घाईत उभी केलेली, बऱ्याच घरांना धड पाया नाही. दगडांवर नाहीतर थेट मातीवर तळाची तुळई टाकली आणि वर फळ्या ठोकल्या. हवा कोरडी म्हणून वरचं लाकूड टिकतं, पण वितळलेल्या बर्फाचं पाणी बुडाशी मुरतं आणि तुळई खालून कुजते. मग भिंत बसते, छपराची ओळ मोडते, कौलासारख्या बसवलेल्या लाकडी चिपा सुटतात, आणि एकदा पाणी आत शिरलं की घर गेलंच. म्हणून दुरुस्ती दोन टोकांना होते, बुडाशी आणि छपरावर. घर जॅकवर हळूहळू उचलायचं, कुजकी तुळई काढून नवी सरकवायची, खाली आधार द्यायचा आणि घर परत अलगद टेकवायचं. भिंतीच्या आत तिरके टेकू. बाहेरच्या उन्हानं काळपट-तांबूस झालेल्या फळ्या जिथल्या तिथं. काम चोख झालं असेल तर बघणाऱ्याला ते दिसत नाही.

स्वेझी हॉटेल मात्र बघाच. ते इतकं कललंय की बाहेरून उघड टेकू लावलेत, आणि ते लपवायचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. मला ते आवडलं. काही भिंती-छपरांवर फळ्यांऐवजी चेपून सपाट केलेले पत्र्याचे डबे ठोकलेत. जवळ गेलात तर डब्यांचे सांधे दिसतात. आसपास झाड नाही, लाकूड मोनो लेकच्या दक्षिणेकडून आणावं लागे, त्यासाठी १८८१ मध्ये छोटी रेल्वे टाकली होती. डबा फेकायची चैन कुणाला परवडणार?

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की सिमेंट, चकचकीत फरशी आणि भडक ऑइलपेंट. त्या सवयीच्या डोळ्यांना बोडी आधी उपेक्षित वाटेल. तरी एक शंका माझ्या मनातून जात नाही. छप्पर बदललं, तुळई बदलली, उद्या फळ्याही बदलाव्या लागतील. मग 'जसंच्या तसं' काय उरलं? शिवाय १९६२ हेच वर्ष का गोठवायचं? आपण बघतो ते सोन्याच्या दिवसांतलं गाव नव्हे, ओस पडून गेलेलं गाव आहे, एवढं लक्षात ठेवून फिरलं की घोळ होत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये शेजारच्या नेवाडातल्या भूकंपांनी इथल्या इमारतींना दणका दिला होता, म्हणजे हे काम संपणारं नाहीच.

आता कामाचं. गाव ८,३७५ फुटांवर आहे, चढताना दम लागतो. आईबाबा बरोबर असतील तर आदल्या रात्री ली व्हायनिंग किंवा ब्रिजपोर्टला मुक्काम करा. पेट्रोलही तिथंच भरा. गावात खायला काही मिळत नाही, तेव्हा थेपले-चटणी सोबत हवी, आणि पाणी भरपूर. मोबाइलची रेंज धरूच नका, नकाशा आधी उतरवून घ्या. भर उन्हाळ्यातही वारा बोचतो, जॅकेट लागतंच. सिगरेट फक्त पार्किंगमध्ये. एवढ्या लाकडात दुसरं काय सांगणार!

सकाळी गेट उघडताच पोचा, उन्हाची तिरीप खिडक्यांतून आत जाते तेव्हा धूळ बसलेलं सामान नीट दिसतं. शाळेत बाकं आणि पृथ्वीचा गोल आहे, दुकानात फळ्यांवर माल तसाच मांडलेला. मायनर्स युनियन हॉलमधल्या संग्रहालयात आधी जा आणि सोन्याचं खनिज कुटायच्या स्टँडर्ड मिलच्या फेरीची चौकशी तिथंच करा. गाईडशिवाय मिलमध्ये सोडत नाहीत आणि फेऱ्या उन्हाळ्यातच असतात. जमिनीवर पडलेला गंजका खिळासुद्धा उचलायचा नाही, कायदा आहे. उचलणाऱ्याला शाप लागतो अशीही वदंता आहे, आणि घाबरून वस्तू टपालानं परत पाठवणारे खरोखरच निघतात. मुलांना कायद्यापेक्षा शापाची गोष्ट सांगा, लवकर पटते.

प्रवेशफी आणि वेळा निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्या, आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवा.