हीच मेक कमांड पुन्हा चालवा

सकाळी सातला व्यवस्थापक काकांचा फोन आला. रात्री अवकाळी पावसाने झोडपलं होतं, वीज तीनदा गेली-आली, आणि तेव्हापासून पॅकहाउसमधल्या एकाही टॅबवर काही उघडत नव्हतं. "सर्व्हर कटकट आवाज करता हा," ते म्हणाले, "आणि गाडी सांजेक सुटाक व्हयी."

मी कणकवलीहून तसाच निघालो. बागायतदारांची ही संस्था देवगडच्या बाजूला, सड्याखालच्या, म्हणजे कातळी पठाराखालच्या, वाडीत आहे. एप्रिलचा तिसरा आठवडा, म्हणजे हापूसचा ऐन हंगाम. भात्याणात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, भरलेल्या प्रत्येक पेटीची नोंद टॅबवर होते: बागायतदाराचा नंबर, किती डझनी पेटी, वजन आणि वरच्या थराचा फोटो. त्यावरून चलन निघतं आणि चलन हातात आल्याशिवाय ट्रक वाशीच्या मार्केटला निघत नाही. ॲप्लिकेशन जावाचं आहे, टॉमकॅट या जावा-सर्व्हरवर चालतं. त्याच्या पुढ्यात एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर उभा असतो. तो टॅबवरून आलेली मागणी घेतो, फोटो थेट डिस्कवर उतरवतो आणि उरलेलं काम मागे टॉमकॅटकडे देतो. सगळं आतल्या वायफायवर. वाडीत मोबाइलला रेंज नाही आणि पाऊस पडला की फायबर जाते, म्हणून सर्व्हर मुद्दाम तिथेच ठेवलेला.

पोचलो तेव्हा डिस्क खरोखरच कटकटत होती. लॉगमध्ये इनपुट-आउटपुट एररच्या ओळी. अशा वेळी दुरुस्तीला हात घालायचा नसतो, आधी माल बाहेर काढायचा. डेटाबेस आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात मी दुसरी एकही कमांड दिली नाही.

कपाटात एक जादा मशीन होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये मीच त्यावर डेबियन १२ हे लिनक्स, जावा, टॉमकॅट, डेटाबेस आणि प्रोग्राम बांधायला लागणारा कंपायलर घालून ते बंद करून ठेवलं होतं. राहिला होता फक्त एनजिनएक्स. जुन्या मशीनवरची तयार फाइल उचलून इकडे चालवून पाहिली, तर लिबपीसीआरई डॉट एसओ डॉट १ सापडत नाही म्हणून ती उठेचना. जुन्यावर सेंटओएस ७ हे दुसरं लिनक्स होतं आणि तिथे ती लायब्ररी त्या नावाने असते. डेबियनवर तिचा आकडा वेगळा. शिवाय डेबियनचं तयार पॅकेज मिळालं असतं तरी भागलं नसतं, कारण फोटो डिस्कवर उतरवणारं मोड्युल बाहेरचं होतं, पॅकेजात न येणारं. म्हणजे सोर्समधून, मूळ कोडपासून, बांधणं आलं. पण कसं बांधायचं? माझ्या आधी हे काम बघणारा मुलगा पुण्याला निघून गेला होता. त्याने कुठेही काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

मग जुन्या मशीनवर 'एनजिनएक्स डॅश कॅपिटल व्ही' ही कमांड दिली. ही एक गोष्ट मला एनजिनएक्सची मनापासून आवडते. तो ज्या पर्यायांनी बांधला गेला, ते सगळे तो स्वतःच्या पोटात जपून ठेवतो आणि विचारलं की सांगतो. प्रीफिक्स कुठलं, एसएसएल मोड्युल घातलंय, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचा सोर्स अमुक फोल्डरमधून घेतलाय, बाहेरचं मोड्युल ऑप्ट एसआरसी या फोल्डरमधून. आणि पहिल्याच ओळीत, १.२०.० या आकड्यापुढे कंसात, बिल्डचं नाव: तौक्ते-नंतर.

मी त्या दोन शब्दांपाशी थांबलो. १६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. झाडावरचा उरलासुरला आंबा खाली आला, विजेचे खांब आडवे झाले. त्या दिवसांत कधीतरी या मुलाने इथे बसून हे बांधलं होतं, आणि बिल्डला नाव द्यायचा जो पर्याय कोणी सहसा वापरत नाही, त्यात त्याने ते लिहून ठेवलं होतं.

मोड्युलचं फोल्डर सांगितलेल्या जागी सापडलं, धडपणे कॉपीही झालं. बाकीचे सोर्स मला नवे हवे होते. इतक्या वर्षांचं ओपनएसएसएल पुन्हा बसवणं माझ्या मनाला पटत नाही, मग सर्व्हर आतल्या वायफायवरच असला तरी. फोन घेऊन सड्यावर गेलो. कातळावर उन्हात उभं राहून एनजिनएक्स १.२६, ओपनएसएसएल ३.०, पीसीआरई२ आणि झेडलिब या लायब्ररी असं सगळं उतरवून घेतलं. खाली येऊन, फाइली धड उतरल्या का हे बघायला, चारही फाइलींचे चेकसम जुळवले. तोपर्यंत साडेअकरा झाले होते.

कॉन्फिगर, म्हणजे बांधणीची मांडणी, सुरळीत झालं. सोर्सपासून प्रोग्राम बांधणारं मेक सुरू केलं, ओपनएसएसएलपर्यंत पोचलं आणि तिथे तारकांच्या चौकटीत संदेश आला: हीच मेक कमांड पुन्हा चालवा. चालवली. परत तीच चौकट. फोल्डर पुसून नव्याने उघडलं, पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा मेक. पुन्हा तीच. बाहेर पेट्यांची थप्पी वाढत होती. सुपरवायझर ताई दर अर्ध्या तासाने दारात यायच्या, काही न बोलता परत जायच्या. तोडलेला आंबा वाट बघत नाही, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

चौथ्या वेळी मी चौकट सोडून तिच्या वरच्या ओळी वाचायला घेतल्या. पहिल्याच वेळी वाचायला हव्या होत्या. मेक सांगत होतं की या फाइलींची वेळ भविष्यातली आहे, घड्याळात तफावत (क्लॉक स्क्यू) आहे, बिल्ड अपुरा राहू शकेल. तारीख विचारणारी डेट कमांड दिली. नोव्हेंबर २०२३.

मदरबोर्डवरचा, घड्याळ चालवणारा सेल मेला होता. दीड वर्षापूर्वी ज्या दिवशी मी मशीन बंद केलं, तिथूनच डेबियनने घड्याळ पुढे चालू केलं होतं, आणि नेट नसल्यामुळे ते सुधारायला कोणी नव्हतं. माझा सोर्स मात्र २०२५चा. मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतं: मूळ फाइल बनवलेल्या फाइलीपेक्षा नवी असेल तर पुन्हा बनव. इथे आत्ता बनवलेली प्रत्येक फाइल मूळ फाइलीपेक्षा जुनीच ठरत होती. ओपनएसएसएलला वाटायचं की आपल्या मांडणीत बदल झालाय. ते मेकफाइल नव्याने लिहायचं आणि म्हणायचं, पुन्हा चालवा. हे दिवसभर चाललं असतं.

फोनवरची वेळ बघून तारीख घातली, हार्डवेअर घड्याळातही लिहिली. पण पुढच्या वेळी वीज गेली की परत तेच. सीआर २०३२ सेल वाडीत कुठे मिळणार? काकांनी खिशातून गाडीची चावी काढली, नखाने तिचं झाकण उघडलं आणि आतला सेल माझ्या तळहातावर ठेवला. "गाडी किल्लीनं उघडतलय," म्हणाले.

सेल बसवला, सोर्स पुन्हा कोरा उघडला. या वेळी मेक ओपनएसएसएलमध्ये शिरलं ते चौकट न दाखवता पुढे जात राहिलं. काही मिनिटं पडद्यावर नुसत्या ओळी वर सरकत होत्या आणि मी खुर्चीवरून हललो नाही. मेक इन्स्टॉल झालं. जुनी कॉन्फिग फाइल ठेवून तपासली, ती बरोबर निघाली. सुरू करताना ८० नंबरचं पोर्ट आधीच कोणीतरी धरलेलं. मीच कधीतरी चाचणीसाठी घातलेलं अपाची, म्हणजे दुसरा एक वेब-सर्व्हर, होतं. ते बंद केलं. पावणेतीनला ताईंच्या टॅबवर पहिल्या पेटीचा फोटो चढला.

त्यांनी नोंदीवरची तारीख वाचून दाखवली तेव्हा मला घाम फुटला. बिल्ड पहिल्या फटक्यात झाला असता, तर त्या दिवसाची सगळी चलनं २०२३च्या तारखेने वाशीला गेली असती.

ट्रक नऊच्या सुमाराला सुटला. मी बसून संपूर्ण कॉन्फिगर ओळ वहीत हाताने उतरवली, सोर्सच्या फाइली आणि मोड्युल बाहेरच्या डिस्कवर ठेवलं, वही कपाटात मशीनशेजारी ठेवली. बिल्डला नाव दिलं होतं: अवकाळी-नंतर. परतताना सड्यावर रेंज आली तसा पुण्याला त्या मुलाला फोन लावला. त्याला ते दिवस आठवत होते. जनरेटर दोनच तास मिळायचा, म्हणाला, आणि त्यातच सगळं बांधून संपवायचं होतं. नंतर त्याने विचारलं, "ऑप्ट एसआरसीमधलं फोल्डर होतं ना जागेवर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी जुनं मशीन सुरू करून पाहिलं. डिस्क वर आलीच नाही.