आमचा माणूस उपाशी आहे का?

अतिदक्षता विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना नातेवाइकांकडून मला सर्वांत जास्त वेळा जो प्रश्न ऐकावा लागतो, तो मागच्या पावसाळ्यात फलटणकडच्या एका मावशींनी विचारला होता. न्यूमोनियाचा संसर्ग रक्तात पसरल्याने त्यांचे यजमान व्हेंटिलेटरवर होते आणि मावशींच्या हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता, त्यात मुगाचे कढण होते. "मॅडम, चार दिस झालं, त्यांच्या पोटात अन्नाचा कण न्हाई. नुसत्या सलाईनवर हायेत. उपाशी ठेवलंय का त्यांना?" दाराशी उभ्या उभ्या मी दिलेले उत्तर अपुरे होते. अतिदक्षता विभागातला माणूस उपाशी राहतो का, हे आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सलाईनविषयी, कारण 'सलाईन म्हणजे जेवण' ही समजूत फार खोल रुजलेली आहे. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ असते. त्यात एकही कॅलरी नसते. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते आणि तिच्यातून मिळणारी ऊर्जा एका पोळीएवढी भरते. प्रथिने शून्य. मावशींच्या यजमानांचे वजन 60 किलो होते. आजार स्थिरावल्यावर अशा माणसाला दिवसाला साधारण 1500 कॅलरी आणि 75 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. घट्ट वरणाच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे नुसत्या वरणावर भागवायचे म्हटले तर दिवसाला अकरा-बारा वाट्या हव्यात. वरणाच्या निवळीत आणि कढणात तर ती नावालाच उतरतात.

म्हणून अन्न नळीने दिले जाते. नाकातून जठरात जाणाऱ्या या नळीला आम्ही राईल्स ट्यूब म्हणतो, आणि तिचे टोक फुप्फुसात नव्हे तर जठरातच आहे हे एक्स-रेवर पाहिल्याशिवाय तिच्यातून अन्नाचा थेंबही सोडत नाही. रक्तदाब सावरलेला असेल तर पहिल्या 48 तासांत हे अन्न सुरू करायचे असते, कारण रिकामे ठेवलेले आतडे लवकर दुबळे होते. मावशींच्या यजमानांनाही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सुरू झाले होते, तासाला 20 मिलिलिटर या वेगाने. पंपाला लावलेली ती पिशवी मावशींना काचेतून दिसत होती, पण ते जेवण आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ही चूक आमची आहे, त्यांची नव्हे.

तासाला 20 मिलिलिटर म्हणजे चार चमचे. एवढ्यावर माणूस कसा जगेल, असे कोणालाही वाटेल. पण गंभीर आजारातले शरीर आपल्या एकादशीच्या उपवासातल्या शरीरासारखे वागत नाही. ताणाच्या संप्रेरकांच्या जोरावर ते स्वतःचेच स्नायू मोडून त्यांची साखर करत असते, आणि बाहेरून कितीही अन्न ओतले तरी पहिल्या काही दिवसांत ही मोडतोड थांबत नाही. लंडनमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला, तेव्हा दहा दिवसांत त्याचे क्षेत्रफळ सुमारे 18 टक्क्यांनी घटलेले आढळले. हे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. मग भरपूर खाऊ घातले तर? फ्रान्समधल्या 61 अतिदक्षता विभागांत, व्हेंटिलेटरवर असलेल्या आणि रक्तदाबासाठी औषधे लागणाऱ्या 3000हून अधिक रुग्णांवर नेमके हेच तपासले गेले. 2023 मध्ये जाहीर झालेल्या त्या निकालानुसार पहिल्या आठवड्यात पूर्ण आहार मिळालेल्या रुग्णांचे प्राण काही अधिक प्रमाणात वाचले नाहीत; उलट कमी आहारावरच्या रुग्णांना उलट्या-जुलाब कमी झाले आणि ते अतिदक्षता विभागातून लवकर बाहेर पडण्याजोगे झाले. त्यामुळे सुरुवातीचे थोडे अन्न हा उपचाराचाच भाग असतो.

जास्त अन्नाने काय होते ते मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिले आहे. कित्येक आठवडे धड न जेवलेला, हाडे वर आलेला एक रुग्ण माझ्याकडे होता, आणि त्याची दया येऊन मी पहिल्या दिवसापासून पूर्ण आहार लिहून दिला. तिसऱ्या दिवशी त्याच्या रक्तातले फॉस्फेट, म्हणजे पेशींना ऊर्जेसाठी लागणारा एक क्षार, धोकादायक पातळीपर्यंत घसरले, कारण उपाशी पेशींना एकदम साखर मिळाली की त्या रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम आत ओढून घेतात, आणि मग हृदय व श्वासाचे स्नायू अडखळू लागतात. डॉक्टरांनी वेळीच आहार कमी केला, फॉस्फेट आणि थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) दिले, आणि तो वाचला. तेव्हापासून दाखल होताना रुग्ण किती दिवस जेवलेला नव्हता, हे विचारल्याशिवाय मी पूर्ण आहाराचा आकडा लिहीत नाही.

खरी उपासमार मात्र होते, आणि ती वेगळ्याच वाटेने होते. सीटी स्कॅनला न्यायचे म्हणून पंप बंद होतो, गळ्यात श्वासाची नळी बसवायची म्हणून पुन्हा बंद होतो, आणि रुग्ण खाटेवर परतल्यावर तो सुरू करायचे गडबडीत राहून जाते. तासाला 60 मिलिलिटर लिहिलेले असले आणि पंप 24 ऐवजी 17 तासच चालला, तर दिवसाला 420 मिलिलिटर अन्न कमी पडते. असे आठवडाभर झाले की दोन दिवसांचे जेवण बुडालेले असते, आणि कागदावर सगळे व्यवस्थित दिसत असते. म्हणून सकाळी मी आधी सिस्टरांच्या तक्त्यात प्रत्यक्ष किती गेले ते पाहते, आणि आजार स्थिरावलेला असेल तर बुडालेले अन्न उरलेल्या तासांत विभागून द्यायला सांगते. माझ्या कामातला सर्वांत मोलाचा अर्धा तास तोच, असे मला मनापासून वाटते.

मावशींचा डबा मला त्या दिवशी परत पाठवावा लागला. घरच्या अन्नात प्रेम असते, पण नळीतून जाईल इतके पातळ केल्यावर त्यात पोषण उरत नाही आणि घट्ट ठेवले तर नळी तुंबते. शिवाय आम्लपित्ताच्या औषधांमुळे जठरातले आम्ल कमी झालेले असते, त्यामुळे डब्याबरोबर आलेले जंतू सहज तग धरतात. शहाळ्याच्या पाण्याचा आग्रहही अनेकजण धरतात. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंड थकलेल्या रुग्णाच्या हृदयाला ते घातक ठरू शकते. त्याऐवजी मी मावशींना त्यांच्या यजमानांचे नेहमीचे वजन, अलीकडे सैल झालेले कपडे, दारूची सवय, शेवटचे पोटभर जेवण यांबद्दल विचारले. "दोन महिनं झालं, अर्ध्या भाकरीवर उठायचे," असे त्या म्हणाल्या, आणि ही गोष्ट कोणत्याही तपासणीत आलेली नव्हती. त्याच दिवशी आहार वाढवण्याचा वेग मी कमी केला आणि फॉस्फेटची तपासणी रोज करायला सांगितली.

बाराव्या दिवशी श्वासाची नळी निघाली. गिळण्याची तपासणी झाली, तेव्हा पाण्याच्या घोटाला ठसका लागला, घट्ट पदार्थ मात्र नीट गेला. मावशींनी पातळ पेज आणायची तयारी केली होती. अशा वेळी पातळ पदार्थच श्वासनलिकेत उतरतो, म्हणून पेज नको, मऊ खिचडी घोटून घट्ट करून आणा, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी तोच डबा, त्याच फडक्यात बांधून, दुपारी बारा वाजता आत आला. यजमानांना टेकून बसवले, मावशींनी चमचा अर्धाच भरला, आणि प्रत्येक घास गिळून होईपर्यंत त्या थांबत राहिल्या. तक्त्यात 'तोंडाने' या रकान्यात मी लिहिले: खिचडी, चार चमचे.